‘ऑफ’, ‘टू’, ‘ऑन’ : भाववाचक नामाच्या मागे-पुढे काय येतं, आणि ते चुकलं की निष्कर्ष कसा उलटतो

माझा पहिला शोधनिबंध परत आला, तेव्हा परीक्षकांनी आकडेवारीबद्दल फारसं काही विचारलं नव्हतं. पहिला शेरा शीर्षकावरच होता. त्याचा मराठीत अर्थ साधारण असा : प्रतिसाद नक्की कोण देतंय, पाण्याचा ताण की ज्वारी?

मी रब्बी ज्वारीवर काम करते. आमच्या खर्डा-जामखेड भागात हे पीक परतीच्या पावसाच्या ओलीवर येतं. पाणी कमी पडलं की मालदांडी काय करते, हा माझा प्रश्न. शीर्षकात मी लिहिलं होतं, ‘रिस्पॉन्स ऑफ वॉटर स्ट्रेस ऑन सोर्गम’. लिहायला हवं होतं, ‘रिस्पॉन्स ऑफ सोर्गम टू वॉटर स्ट्रेस’. दोन हंगामांचं काम, आणि पहिल्याच ओळीत कर्ता बदललेला!

आपल्याला वाटतं, प्रिपोझिशनचं काय, शेवटी कुणीतरी ग्रामर तपासून देईल. पण तपासणाऱ्याला तुमचा प्रयोग माहीत नसतो. वाक्य व्याकरणाने बरोबर आणि अर्थाने उलटं असेल, तर ती चूक तुमच्याशिवाय कुणाला दिसणार? म्हणून हा लेख.

नामाच्या पोटात एक वाक्य असतं

खर्ड्याचंच उदाहरण घेऊ. ११ मार्च १७९५ रोजी इथे लढाई झाली. ‘मराठ्यांनी निजामाला हरवलं’ हे सरळ वाक्य. कोणी हरवलं, कोणाला हरवलं, सगळं स्पष्ट. आता क्रियापद काढून भाववाचक नाम वापरा :

- मराठ्यांचा विजय : ‘व्हिक्टरी ऑफ द मराठाज’
- निजामाचा पराभव : ‘डिफीट ऑफ द निजाम’
- खर्ड्याची लढाई : ‘बॅटल ऑफ खर्डा’

तिन्हीकडे ‘ऑफ’ आहे. पहिल्यात ‘ऑफ’नंतर जिंकणारा, दुसऱ्यात हरणारा, तिसऱ्यात नुसतं ठिकाण. म्हणजे ‘ऑफ’ला स्वतःचा असा पक्का अर्थ नाही. त्याच्यानंतर कोण येणार, हे आधीचं नाम ठरवतं. कुणी घाईत नुसतं ‘मराठा डिफीट’ लिहिलं, तर वाचणाऱ्याला वाटेल मराठेच हरले.

संशोधनाची इंग्रजी अशा नामांनी भरलेली असते : इफेक्ट, रिस्पॉन्स, इन्क्रीज, रेझिस्टन्स, एक्स्पोजर. प्रत्येक नाम म्हणजे आवळून बांधलेलं वाक्य. त्यातला कर्ता कोण आणि कर्म कोण, हे सांगायचं काम प्रिपोझिशन करतं.

मराठी प्रत्यय कुठे साथ देतो, कुठे फसवतो

आपण मनात मराठी प्रत्यय लावतो आणि त्याचं इंग्रजी करतो. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्या शिकल्या, त्यामुळे ही सवय जुनीच आहे. बऱ्याचदा ती उपयोगी पडते :

- कशावर परिणाम : ‘इफेक्ट ऑन’
- कशावर भर : ‘एम्फसिस ऑन’
- कशाला पर्याय : ‘ऑल्टरनेटिव्ह टू’
- कशाला प्रतिसाद : ‘रिस्पॉन्स टू’

पण पुढची जोडी बघा :

- समस्येवर उपाय : ‘सोल्यूशन टू’ (आपण हमखास ‘सोल्यूशन ऑन’ लिहितो)
- निजामावर विजय : ‘व्हिक्टरी ओव्हर’
- कशाची गरज, कशाची मागणी : ‘नीड फॉर’, ‘डिमांड फॉर’
- कशाचं कारण : ‘कॉज ऑफ’, पण ‘रीझन फॉर’

सगळ्यात जास्त फसवतं ते ‘मध्ये’. ‘दोन मातींमध्ये फरक’ आणि ‘ओलाव्यामध्ये फरक’, मराठीत दोन्हीकडे ‘मध्ये’च. इंग्रजीत ज्या गोष्टींची तुलना करतो त्यांना ‘बिटवीन’, आणि ज्या गुणाबाबत तुलना करतो त्याला ‘इन’. पूर्ण रचना अशी : ‘डिफरन्स इन मॉइश्चर बिटवीन द टू सॉइल्स’.

आणखी एक खड्डा. नामाला प्रिपोझिशन लागतं, पण त्याच कुळातल्या क्रियापदाला लागेलच असं नाही. ‘इफेक्ट ऑन यील्ड’ बरोबर, पण ‘अफेक्ट्स ऑन यील्ड’ चूक. ‘डिस्कशन अबाउट’ चालतं, ‘डिस्कस अबाउट’ नाही. ‘लॅक ऑफ वॉटर’ हे नाम. क्रियापद आलं की नुसतं ‘लॅक्स वॉटर’.

जिथे अर्थच बदलतो

वरच्या चुका वाचणारा सांभाळून घेतो. पुढच्या तीन ठिकाणी मात्र तो चुकीचं समजून पुढे जातो.

पहिलं, वाढ. ‘इन्क्रीज इन यील्ड’ म्हणजे काय वाढलं. ‘इन्क्रीज ऑफ ५ क्विंटल’ म्हणजे कितीने वाढलं. ‘इन्क्रीज टू ५ क्विंटल’ म्हणजे कितीपर्यंत पोचलं. आधी ४ क्विंटल असेल तर ‘ऑफ’ने ९ होतात आणि ‘टू’ने ५.

दुसरं, पुरावा. ‘एव्हिडन्स ऑफ’ म्हणजे एखादी गोष्ट घडल्याची खूण, जसं पानांवर रोगाची खूण. ‘एव्हिडन्स फॉर’ म्हणजे एखाद्या मताला, सिद्धान्ताला आधार. तुमच्या प्रयोगाने गृहीतकाला आधार मिळाला असेल तर ‘फॉर’.

तिसरं, प्रतिकार. ‘रेझिस्टन्स ऑफ कॉटन टू बोलवर्म’ म्हणजे कपाशी अळीला दाद देत नाही. ‘रेझिस्टन्स ऑफ बोलवर्म टू बीटी टॉक्सिन’ म्हणजे अळी विषाला दाद देत नाही. पहिली शेतकऱ्यासाठी चांगली बातमी, दुसरी वाईट. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रात कपाशीचं जे नुकसान केलं, त्याच्यामागे ही दुसरी गोष्ट होती. आता नुसतं ‘बोलवर्म रेझिस्टन्स’ लिहिलं तर यातलं काय समजायचं? म्हणून ‘ऑफ’ आणि ‘टू’ दोन्ही लिहा, जागा वाचवू नका.

नामाच्या पुढचं विशेषण

मराठीत शक्यता ‘दाट’ असते. ‘जाड शक्यता’ कुणी म्हणत नाही. झोप गाढ, अनुभव दांडगा, गरज नितांत. हे आपल्याला कुणी शिकवलं नाही, कानावर पडून आलं. शब्दांच्या अशा सोबतीला भाषाशास्त्रात ‘कोलोकेशन’ म्हणतात. ही कल्पना रुजवणारे जे. आर. फर्थ १९१९ ते १९२८ या काळात लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. शब्दाचा अर्थ त्याच्या संगतीवरून कळतो, असं त्यांचं म्हणणं.

इंग्रजीतल्या सोबती वेगळ्या आहेत : ‘स्ट्राँग एव्हिडन्स’, ‘हाय प्रोबॅबिलिटी’, ‘सिव्हिअर ड्रॉट’, ‘हेवी रेनफॉल’. सगळीकडे ‘बिग’ किंवा ‘व्हेरी मच’ लावून चालत नाही.

यात एक विशेषण जपून वापरायचं, ते म्हणजे ‘सिग्निफिकंट’. बोलताना त्याचा अर्थ ‘महत्त्वाचा’. संशोधनात ‘सिग्निफिकंट डिफरन्स’ लिहिलं की सांख्यिकी चाचणी केली आणि फरक ठरवलेल्या पातळीवर टिकला, असा दावा होतो. चाचणी केली नसेल तर तो शब्द लिहू नका. उलटंही लक्षात ठेवा : चाचणीत टिकलेला फरक शेतात उपयोगी पडण्याएवढा मोठा असेलच, असं नाही.

मग करायचं काय?

नियम पाठ करून हे येत नाही. मला उपयोगी पडलेल्या तीन गोष्टी सांगते.

१. एक वही करा. आपल्या विषयातले दहा चांगले शोधनिबंध घ्या. नेहमी येणारी पंधरा-वीस नामं निवडा. मधल्या रकान्यात नाम, डावीकडे त्याचं विशेषण, उजवीकडे प्रिपोझिशन. महिन्याभरात तुमच्या विषयाचा छोटा कोश तयार होतो.

२. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेला शब्दकोश वापरा. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. तिथल्या विद्यार्थ्यांच्या अडचणी पाहून त्यांनी सहकाऱ्यांसोबत केलेला कोश १९४२ मध्ये तिथेच छापला गेला. पुढे त्यातूनच ऑक्सफर्डचा विद्यार्थी-कोश आला. अशा कोशात अर्थासोबत नामानंतर काय येतं हेही दिलेलं असतं. आपण फक्त अर्थ बघून कोश मिटतो.

३. शीर्षक आणि निष्कर्षातलं प्रत्येक भाववाचक नाम सोडवून मराठीत पूर्ण वाक्य करा : कोणी, कोणाला, काय केलं? ‘पाण्याच्या ताणाने ज्वारीला प्रतिसाद दिला’ असं वाक्य मी एकदा जरी मोठ्याने म्हटलं असतं, तरी माझं मलाच हसू आलं असतं. ते मी केलं नाही, आणि निबंध चार महिने मागे पडला.

आज आपल्या प्रबंधाचं किंवा प्रस्तावाचं शीर्षक समोर ठेवा आणि एवढं एकच करून बघा. वाक्य मराठीत नीट उभं राहिलं, तर मग इंग्रजीतलं ‘ऑफ’ आणि ‘टू’ तपासायला घ्या.