मिल बंद पडली, मुलाची शाळा नाही

29 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोलकात्याच्या एका खटल्यात पोटगी 20 हजारांवरून 50 हजारांवर नेली आणि दर दोन वर्षांनी 5 टक्के वाढ लावून दिली. दुसरा संसार, म्हातारे आईवडील, पगारापुढे धावणारा खर्च ही नवऱ्याची बाजू टिकली नाही. त्याच महानगराच्या दक्षिणेला, हुगळीकाठच्या बजबजमध्ये मात्र ‘कमाई घटली’ हे वाक्य अनेकदा शंभर टक्के खरं असतं.

इथल्या ताग गिरण्यांत ‘बदली’ कामगार मोठ्या संख्येने आहेत. पाळीवर नाव लागलं तर मजुरी, नाही तर रिकाम्या हाताने घरी. फाटकावर काम बंदची नोटीस लागली की महिन्याचा हिशेबच कोलमडतो. अशा बापाला दिलासा मिळायलाच हवा आणि कायद्यात तो आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 146 नुसार परिस्थिती बदलल्याचं सिद्ध झालं, तर दंडाधिकारी पोटगी कमी-जास्त करू शकतात. अट एकच, आधी सिद्ध करा. अर्ज न करता परस्पर पैसे थांबवले तर थकबाकी चढत जाते, वसुलीचं वॉरंट निघतं आणि तुरुंगवासही होऊ शकतो.

खरी अडचण आणि बनाव वेगळे कसे ओळखायचे? याचं सर्वांत उपयोगी हत्यार नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेल्या खटल्याने दिलं. ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या 4 नोव्हेंबर 2020 च्या निकालाने दोन्ही पक्षांना मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र बंधनकारक केलं. त्यात पगार, बँक खाती, कर्जं, गाडी, सगळं लिहावं लागतं. उत्पन्न शून्य दाखवणाऱ्याच्या नावावर नव्या गाडीचा हप्ता चालू असेल, तर तो तिथेच उघडा पडतो. धडधाकट, शिकलेल्या माणसाने ‘मला कमाई नाही’ एवढंच म्हणून भागत नाही, हेही या निकालात स्पष्ट आहे. 2015 च्या एका निकालात तर सैन्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या नवऱ्याची 4 हजारांवरून 2 हजारांवर आणलेली पोटगी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा 4 हजार केली.

बापाची कमाई घटते तेव्हा मुलाचं दूध, वह्या, औषधं स्वस्त होत नाहीत. कमी झालेला प्रत्येक रुपया आईच्या अंगावर पडतो. 1982 च्या गिरणी संपात मुंबईच्या गिरणगावातल्या बायकांनी डबे करून, धुणीभांडी करून पोरं जगवली. तो भार कोणत्याही न्यायालयाच्या आदेशात लिहिलेला नव्हता.

म्हणून नोटीस लागलेल्या कामगाराने हजेरीचे आणि मजुरीचे कागद घेऊन त्याच आठवड्यात अर्ज करावा, जमेल तेवढी रक्कम भरत राहावी आणि न्यायालयाने असे अर्ज महिनोन्‌महिने रखडू देऊ नयेत. कपात झालीच तर तीही काम सुरू होईपर्यंतच असावी. पाळी पुन्हा लागली की वाढीव पोटगी मागणं हा मुलाचा हक्क आहे.