निकाहच्या दिवशी कॅमेऱ्याची बॅटरी दगा देऊ नये म्हणून

आमच्या घरातल्या एका निकाहात ऐन ‘कुबूल है’च्या वेळी कॅमेरा बंद पडला. नानी दुलहनच्या डोक्यावर हात ठेवून दुआ देत होत्या, तो फोटो राहूनच गेला. आज नानी नाहीत. चूक कॅमेऱ्याची नव्हती, आमची होती.

आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांत लिथियम-आयन बॅटरी असते. ‘पूर्ण संपवूनच चार्ज करा’ हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातला. लिथियम-आयन वारंवार पूर्ण रिकामी केली तर तिचं आयुष्य उलट घटतं. 20-30 टक्के उरली की चार्जिंगला लावावी.

ईद झाली की कॅमेरा थेट पुढच्या लग्नापर्यंत कपाटात जातो. तेव्हा बॅटरी साधारण अर्धी चार्ज करून, कॅमेऱ्यातून काढून थंड, कोरड्या जागी ठेवा. उन्हात उभ्या गाडीत तर मुळीच नको. उष्णतेने बॅटरी लवकर म्हातारी होते. ठेवून दिलेली बॅटरी हळूहळू आपोआप उतरते, म्हणून समारंभाच्या आदल्या रात्री पूर्ण चार्ज करा.

समारंभात स्क्रीन आणि फ्लॅश खूप वीज खातात. स्क्रीनचा उजेड कमी ठेवा, वायफाय बंद करा. प्रत्येक फोटो लगेच सगळ्यांना दाखवत बसू नका, घरी गेल्यावर निवांत बघा.

फुगलेली बॅटरी मात्र वापरू नका. आणि चार्ज केलेली एक जादा बॅटरी खिशात असू द्या. दुआचा क्षण पुन्हा येत नाही.