रात्रीची आंबोली

आंबोली म्हटलं की आपल्या हॉस्टेलवर धबधबा, भजी आणि भाजलेलं कणीस एवढंच आठवतं. पण मित्रांनो, खरी आंबोली जागी होते ती रात्रीची जेवणं उरकल्यावर! गेल्या जूनअखेर आम्ही सहाजणी तिथल्या एका जाणकार वाटाड्याबरोबर नाइट वॉकला गेलो होतो. तिथे जे कळलं ते थोडक्यात सांगते.

पहिला धडा बॅटरीचा. ती कमरेशी नाही, डोळ्यांजवळ धरायची. बऱ्याच निशाचर प्राण्यांच्या डोळ्यांत आरशासारखा एक थर असतो. त्यावर पडलेला प्रकाश आला त्याच वाटेने परत फिरतो, म्हणून ती चमक बॅटरीच्या रेषेत असलेल्यालाच दिसते. गवतात बारीक हिरवट ठिणग्या दिसल्या की समजायचं, कोळी बसलाय! विंचवाची तऱ्हा वेगळी. अल्ट्राव्हायोलेट प्रकाशात त्याचं अख्खं अंगच निळं-हिरवं उजळतं.

सापांच्या डोळ्यांत मात्र ही चमक नसते. मलबारी चापडा फांदीवर तासन् तास निश्चल बसतो. डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये त्याला एक खळगा असतो, त्यातून भक्ष्याच्या अंगाची ऊब त्याला कळते. म्हणजे जन्मजात थर्मल कॅमेरा! साप विषारी आहे, तेव्हा लांबूनच बघायचा.

सह्याद्री हिमालयापेक्षा जुना. एवढ्या काळात इथे असे जीव घडलेत, जे बाहेर कुठेच सापडत नाहीत. आंबोली टोड त्यातलाच. वेगळी जात म्हणून शास्त्रज्ञांनी त्याची नोंद केली २००९ साली. हा अंगठ्याएवढा जीव, अंगावर पिवळसर पट्टे, आणि जगात फक्त आंबोली परिसरात! तो अंडी घालतो ती पावसाच्या सुरुवातीला, जांभ्याच्या कातळावर साचलेल्या उथळ डबक्यात. डबकं आटायच्या आत पिल्लांना मोठं व्हायचं असतं. आणि नेमक्या अशाच कातळावर आपण गाड्या लावतो, गाणी लावून नाचतो. डबक्यावरून एक चाक गेलं की त्यातली सगळी अंडी खलास.

तेव्हा जायचं ते स्थानिक माणसाबरोबर, गमबूट घालून आणि गाडी डांबरी रस्त्याकडेलाच ठेवून. आधी पायाखाली बॅटरी मारायची, मग झाडावर. आणि बेडूक कितीही गोड दिसला तरी हातात घ्यायचा नाही. बेडकाची त्वचा बाहेरचं सगळं शोषून घेते, आणि आपले हात डासांच्या क्रीमने माखलेले असतात!