कर्ज जपानचे, जमीन पालघरची

परदेशी कर्जातून प्रकल्प येतो तेव्हा आपण पहिल्यांदा काय विचारतो? व्याज किती! मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनपुरतं उत्तर सोपं आहे: ०.१ टक्का, फेड ५० वर्षांत. सप्टेंबर २०१७ मध्ये नरेंद्र मोदी आणि शिंझो आबे यांनी साबरमतीला पायाभरणी केली. कर्ज एकच, करारही एकच. तरीही गुजरातेत खांब उभे राहू लागले आणि महाराष्ट्रात जमिनीचंच घोडं अडलं. असं का?

करार दिल्ली करते, जमीन मात्र राज्य सरकार संपादित करतं. पालघरच्या गावांतून विरोध होताच. २०१९ च्या अखेरीस मुंबईत सत्ता बदलली, काम रेंगाळलं. जून २०२२ मध्ये ती पुन्हा बदलली आणि अडलेल्या मंजुऱ्या मिळाल्या. या बदलांमागे जपान नव्हता, होतं ते आपलंच राजकारण.

आता खरा प्रश्न. सत्ता बदलली म्हणून पालघरच्या शेतकऱ्याचं मत बदललं का? आधी त्याचा नकार राजकारणाला सोयीचा होता, पुढे गैरसोयीचा झाला, एवढंच. ‘राज्याने संमती दिली’ असं आपण सहज म्हणून जातो. ती संमती नेमकी कोणाची, हे विचारायचं मात्र राहून जातं.