लॉस एंजेलिसच्या नकाशावरील जुन्या रेषा

लॉस एंजेलिसमध्ये नदी ओलांडून पूर्वेस गेले की बॉइल हाइट्स लागते. येथील बहुसंख्य रहिवासी मेक्सिकन वंशाचे आहेत. आप्तस्वकीयांजवळ राहण्याची ओढ, हे त्याचे नेहमी सांगितले जाणारे कारण. ते खोटे नसले तरी अपुरे आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक वसाहतींच्या खरेदीखतांतच गौरेतरांना घर न विकण्याची अट असे. काही ठिकाणी मेक्सिकनांचा तीत स्पष्ट उल्लेख होता. फुलर्टन येथील अॅलेक्स बर्नाल यांनी १९४३ मध्ये अशा अटीविरुद्धचा खटला जिंकला. न्यायालयांनी अशा अटी अमलात आणू नयेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये दिला. तत्पूर्वीच, १९३९ मध्ये, संघराज्याच्या गृहकर्ज यंत्रणेने आपल्या नकाशात बॉइल हाइट्स लाल रंगवले होते. लाल म्हणजे कर्जासाठी धोक्याचा भाग. पुढे याच वस्तीतून महामार्ग गेले आणि अनेक कुटुंबे विस्थापित झाली.

१९६८ च्या कायद्याने घरविक्रीतील वांशिक भेदभाव बेकायदा ठरला. संपत्तीतील दरी मात्र उरली. अनेक उपनगरांत दीर्घकाळ केवळ स्वतंत्र घरांनाच परवानगी होती. त्यामुळे बेताच्या उत्पन्नाच्या कुटुंबांना तेथे प्रवेशच नव्हता. सरकारी शाळाही बहुधा पत्त्यावरूनच ठरते. ‘चांगली शाळा’ पाहून घर घेणारे भारतीय कुटुंबही, नकळत, याच जुन्या रेषांच्या आधारे निवड करत असते.