अंगावर काळेनिळे डाग का उठतात?

मार लागला की त्वचेखालच्या केशवाहिन्या फुटतात आणि रक्त आसपास झिरपते. तोच काळानिळा डाग. हिमोग्लोबिनचे विघटन होताना तो हिरवा, मग पिवळा होतो व साधारण 2 आठवड्यांत जातो. उतारवयात त्वचा पातळ होते, तिच्याखालची चरबी घटते. मग बांगडी घासली तरी डाग उठतो. अ‍ॅस्पिरिन, रक्त पातळ करणारी औषधे, स्टेरॉइड, क जीवनसत्त्वाची कमतरता, यकृताचे विकार हीही कारणे असतात. वाहिनीची फुटलेली जागा रक्तातील प्लेटलेट बुजवतात. डेंग्यूत त्याच घटतात, म्हणून तेव्हाही डाग उठू शकतात. मार न लागता मोठे डाग, टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त किंवा डागांसोबत ताप असल्यास डॉक्टरांना लगेच दाखवावे. चालू औषधे मात्र परस्पर बंद करू नयेत.