लाखाचे स्पीकर घेण्याआधी घरातली खोली ऐका

गेल्या काही वर्षांत आपल्या घरांत एक नवीन खर्च आला आहे. कुणाचा मुलगा नात पढतो, कुणाची मुलगी डबिंग करते, कुणी बयान एडिट करून यूट्यूबवर टाकतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये स्टुडिओ बंद झाले, तेव्हा अनेकांनी घरूनच रेकॉर्डिंग सुरू केलं आणि पुढे ते चालूच राहिलं. आधी माइक येतो, मग ऑडिओ इंटरफेस, आणि त्यानंतर मागणी येते ती "स्टुडिओ मॉनिटर"ची.

माझा भाचा अंधेरी पश्चिमेला, ओशिवऱ्याच्या बाजूला राहतो. एका दुकानात मॉनिटरच्या दोन जोड्या ऐकून आला आणि लाखाच्या वरची जोडीच हवी म्हणून हटून बसला. बहिणीचा फोन आला, "भाईजान, तुम्हीच समजवा. घरात जे पैसे आहेत ते धाकटीच्या अ‍ॅडमिशनचे आहेत, आणि दुकानदार हप्ते करून देतो म्हणतो." हप्त्यात व्याज कुठे लपलेलं असतं आणि "नो कॉस्ट" म्हणजे काय, हा मसअला मुफ्ती साहेबांना विचारायचा. माझा विषय फिजिक्स. म्हणून मी एवढंच म्हटलं की दोन्ही स्पीकर आधी घरी आणून ऐकू.

मॉनिटर म्हणजे काय, ते आधी पाहू. घरातला म्युझिक सिस्टीमचा स्पीकर बहुतेक वेळा आवाज गोड करतो, बेस थोडा फुगवतो, वरचे सूर चमकवतो. मॉनिटरकडून अपेक्षा उलटी असते. रेकॉर्डिंगमध्ये जे आहे तेच त्याने ऐकवावं, खोटसुद्धा. यामाहाचा एनएस-१० हा पांढऱ्या कोनचा स्पीकर १९७८ मध्ये घरगुती वापरासाठी बाजारात आला. घरांत तो फारसा रुळला नाही, पण जगभरच्या स्टुडिओंत मिक्सरच्या टेबलावर जाऊन बसला आणि २००१ पर्यंत बनत राहिला. कानाला तो सुखद नव्हता, पण त्यावर काम करणाऱ्यांना त्याची खोड पाठ होती, आणि त्यांना तेवढं पुरत होतं.

दुकानात तुलना का फसते? पहिलं कारण आवाजाची पातळी. माणसाचा कान सगळ्या सुरांना सारखा ऐकत नाही, आणि आवाज कमी-जास्त केला की हा फरकही बदलतो. बेल लॅब्जच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये याचे आलेखच मांडले होते. आवाज वाढवला की बेस भरदार वाटतो आणि वरचे सूर स्पष्ट होतात. त्यामुळे दोन स्पीकरपैकी एक डेसिबलभर मोठा वाजत असेल तर तोच "जास्त क्लिअर" वाटतो. "हा मोठा वाजतोय" हे मात्र आपल्या ध्यानात येत नाही.

दुसरं कारण डोळे. हार्मन कंपनीत फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये एक प्रयोग मांडला. तेच श्रोते, तेच स्पीकर. एकदा समोर दिसत असताना ऐकवले, एकदा पडद्याआड ठेवून. समोर दिसत होते तेव्हा महागड्या, भारदस्त स्पीकरना गुण वाढले आणि छोट्या प्लॅस्टिकच्या सेटचे घटले. पडदा लावल्यावर हे अंतर बरंच कमी झालं. आणि हे श्रोते त्याच कंपनीचे कर्मचारी होते, बाहेरचे नवखे नव्हते.

तिसरं कारण खोली. खरं म्हणजे निम्मा लेख याच्यावरच हवा, कारण उपनगरातल्या फ्लॅटमध्ये सगळ्यात मोठी गडबड खोलीच करते.

भाच्याची खोली दहा बाय दहा, छत नऊ फूट. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. या वेगाला समोरासमोरच्या दोन भिंतींतल्या अंतराच्या दुपटीने भागलं की त्या दोन भिंतींमध्ये कोणता सूर घुमणार ते कळतं. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर, उत्तर आलं ५६ हर्ट्झ. रुंदीही दहाच, म्हणून पुन्हा ५६. छताचं उत्तर साधारण ६२. म्हणजे तिन्ही बाजू जवळपास एकाच सुरावर घुमतात. चौकोनी खोली आवाजासाठी वाईट म्हणतात ती याचसाठी. पुढचा घुमणारा सूर याच्या दुप्पट, ११२ हर्ट्झ. पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर साधारण ८५ ते १८० हर्ट्झच्या आत असतो, म्हणजे ११२ थेट नात पढणाऱ्याच्या गळ्यात येतो.

बरं, भाच्याची खुर्ची कुठे? खोलीच्या बरोबर मध्यभागी. तिथे ५६ चा सूर जवळजवळ गायब होतो आणि ११२ चा सगळ्यात जोरात येतो. त्यामुळे तो मिक्सिंगमध्ये आवाजाचा तोच भाग कापत होता, आणि बाहेर ऐकणारे म्हणत होते की आवाज पातळ लागतो. हा दोष कुठल्याच स्पीकरचा नव्हता.

त्यात टेबल भिंतीपासून पुढे ओढलेलं. स्पीकरचा पुढचा भाग भिंतीपासून ६० सेंटिमीटरवर असेल, तर मागे जाऊन भिंतीवरून परतलेला आवाज १४३ हर्ट्झच्या आसपास थेट आवाजाला मारतो. म्हणून छोट्या खोलीत स्पीकर भिंतीच्या जवळ सरकवलेला बरा. त्याने बेस वाढतो, आणि त्यासाठीच मॉनिटरच्या पाठीमागे बटणं दिलेली असतात. यामाहाच्या एचएस मालिकेत "रूम कंट्रोल" आहे, ५०० हर्ट्झखालचा आवाज २ किंवा ४ डेसिबलने कमी करणारं. जेनेलेकच्या स्पीकरलाही मागे बारीक स्विच असतात. हजारो रुपये देऊन आणलेल्या वस्तूची पाठ कुणी बघतच नाही!

अंड्यांचे ट्रे चिकटवू नका. त्याने फक्त वरचे सूर थोडे विस्कटतात, बेसला काही होत नाही. त्यापेक्षा कोपऱ्यात उभी केलेली जाड कापसाची गादी आणि किताबांनी भरलेलं कपाट जास्त कामाचं.

मग आम्ही एका रविवारी झोहरनंतर बसलो. दोन्ही प्रकारचा एकेक स्पीकर दोन दिवसांसाठी भाड्याने आणला होता. एकेकच, कारण स्पीकरचे दोष एकटा वाजताना लवकर कळतात. पंखा बंद. खुर्ची मध्यातून हलवून समोरच्या भिंतीपासून पावणेचार फुटांवर. ट्विटर कानाच्या उंचीला. मोबाइलमधल्या आवाज मोजणाऱ्या अ‍ॅपवर ५०० ते २००० हर्ट्झमधला पिंक नॉइज वाजवून दोघांची पातळी अर्ध्या डेसिबलच्या आत आणली. मोबाइलचा आकडा स्वतः अचूक नसला तरी दोन आवाजांतला फरक सांगायला तो पुरतो. समोर बहिणीची पातळ सुती ओढणी टांगली. कोणता स्पीकर कधी वाजवायचा हे धाकटीने चिठ्ठ्या टाकून ठरवलं, आणि अर्ध्या फेऱ्या झाल्यावर दोघांच्या जागा बदलल्या, कारण जागेचाही आवाज असतो.

वाजवायचं काय? तिलावतीचे तुकडे करून पुन्हा पुन्हा वाजवणं मला बरं वाटत नाही, म्हणून ते नको म्हटलं. भाच्याकडून कायद्यातले हुरूफ रेकॉर्ड करून घेतले: सीन, साद, से, मग काफ आणि क़ाफ. यापेक्षा चांगली कसोटी मला माहीत नाही. सीनची शिट्टी ५ ते ८ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात असते. ट्विटर कर्कश असेल तर सीन टोचतो, मंद असेल तर सीन आणि से एकसारखे ऐकू येतात. शिवाय ज्याचा आवाज रेकॉर्ड केला तो माणूस घरातच होता, म्हणून त्याला स्पीकरशेजारी उभं करून तेच हुरूफ म्हणायला लावले. बीबीसीचे इंजिनिअरही मॉनिटर तपासताना माणसाच्या थेट आवाजाशी अशीच तुलना करत.

ओढणी लावण्याआधी भाचा ठाम होता, "मामू, ज़मीन-आसमान का फ़र्क़ है." ओढणीआड दहा फेऱ्यांत त्याने महागडा निवडला सहा वेळा. नाणं दहा वेळा उडवलं तर सहा किंवा त्याहून जास्त वेळा छापा पडण्याची शक्यता सुमारे ३८ टक्के असते. नऊ किंवा जास्त वेळा पडण्याची मात्र जेमतेम १ टक्का. नऊ आले असते तर मी त्याच्या बाजूने बोललो असतो. ब्रँडची नावं देत नाही, कारण दुसऱ्याच्या खोलीत निकाल वेगळा लागू शकतो.

महागड्या मॉनिटरमध्ये काहीच नाही असं म्हणणंही चुकीचं ठरेल. सीन आणि से त्यावर खरोखर जास्त सुटे ऐकू आले, आणि खुर्ची थोडी बाजूला सरकवली तरी त्याचा आवाज बदलला नाही. ज्याची रोजी डबिंगवर आहे, जो रोज आठ तास ऐकतो, त्याने तो पैसे साठवून जरूर घ्यावा. आठ इंची वूफरचा मोह मात्र या खोलीत नको. नातीच्या आवाजाला ६० हर्ट्झखाली फारसं काही लागत नाही, आणि तो बेस भिंतीतून थेट शेजाऱ्याकडे जातो. निवासी भागासाठी २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांतली मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल आहे. शेजाऱ्याचा हक तर त्याच्याही आधीचा.

त्याने पाच इंची साधी जोडी रोखीने घेतली. पाठीमागचं बटण उणे २ वर आहे आणि कोपऱ्यात जुनी गादी उभी आहे. प्रत्येक नात शेवटी तो अम्मीच्या मोबाइलवर वाजवून बघतो, कारण लोक ती तिथेच ऐकतात.